मृणूसाठी क्लास शोधताना

कोल्हापूर,
९ नोव्हेंबर

प्रिय शुभे,

हे फोनवर बोलायला लागले तर मला रडू येईल, म्हणून लिहितेय. मागच्या आठवड्यात मृणूचं पुण्यात जे झालं ते घरात कुणाच्या नीट लक्षातच आलं नाही. हे म्हणाले, "सुटली ना? झालं तर मग." सासूबाईंचं एकच, परत बोलावून घे. मिरज स्टेशनवर आपल्या दोघींच्या बाबतीत काय झालं ते माहीत असलेलं माणूस मला तू एकटीच.

रात्री नऊला ती अभ्यासिकेतून निघाली. मालकाचा भाचा जिन्यात आडवा आला. सगळ्या मुली त्याला दादा म्हणतात. आधी गप्पा, मग "गाडीवर सोडतो", आणि ही नको म्हणाली तसं त्यानं मनगट धरलं. वरून मुलं उतरायचा आवाज आला तेव्हा सोडलं. तक्रार दिलीय, अभ्यासिका बदललीय. पण पोरगी मला काय म्हणाली ऐक. "आई, हात कसा सोडवायचा ते मला माहीत होतं. कॉलेजच्या शिबिरात शिकवलेलं, त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं झटका द्यायचा. ते आठवतही होतं. पण रोज दादा म्हणत होते गं त्याला."

शुभे, आपल्या दोघींच्या कमरेला ज्युडो-कराटेचे पट्टे होते, तरी मिरजेला काय झालं? तेव्हापासून मी हेच घोळवत बसलेय.

आता तिला काहीतरी शिकायचंय, आणि आमच्या घरात तुझं-माझं जुनं भांडण नव्यानं सुरू झालंय. मी ज्युडो म्हणतेय, ती बॉक्सिंग. तू इथे असतीस तर कराटे म्हणून तिसरीकडून ओढलं असतंस, आणि काताच्या, त्या ठरलेल्या हालचालींच्या स्पर्धेत ओरडलीस तशी ओरडली असतीस. पंचांच्या हातातला चहा सांडलेला मला अजून दिसतो.

माझं म्हणणं तुला पाठ आहे, तरी परत सांगते, कारण आता ते मला जास्त खरं वाटतंय. मुलीवर हात टाकणारा समोर उभा राहून ठोसा मारत नाही. तो धरतो. मनगट, दंड, केस, ओढणी. ज्युडोत पहिल्या दिवसापासून कुणीतरी तुला धरलेलंच असतं. त्या पकडीत श्वास कसा घ्यायचा, ओढलं तर मागे न रेटता आत कसं शिरायचं, हे अंगात मुरतं. आणि पडायला शिकवतात. उकेमीला, त्या नीट पडण्याच्या सरावाला, आपण किती कंटाळायचो! पण जिन्यात ढकललं तर डोकं वाचवणारी तीच. ज्युडो सुरू करणाऱ्या जिगोरो कानोंनी १८८२ साली कोदोकान ही आपली शाळा काढली तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येतले घातक प्रकार सरावातून बाजूला ठेवले. त्यामुळेच मुलं एकमेकांवर रोज पूर्ण ताकद लावू शकली. मला यातच सगळं मर्म दिसतं. डोळ्यात बोटं घालायची युक्ती ऐकायला जबरदस्त वाटते, पण तिचा सराव करणार कुणावर? जे खऱ्या जोरानं, न ऐकणाऱ्या माणसावर करून पाहिलेलंच नाही, ते जिन्यात कुठून येणार?

यावर मृणू म्हणते, "आई, मला धरेपर्यंत थांबायचंच नाहीये." तिचंही खोटं नाही. बॉक्सिंगमध्ये अंतर राखायला शिकवतात, पाय हलते ठेवतात, हात वर. चेहऱ्यावर काही आलं तरी डोळे मिटायचे नाहीत, ही सवय काही महिन्यांत लागते. ज्युडोचा एक डाव माझ्याहून जड माणसावर चालायला किती काळ गेला ते तू पाहिलंयस. तिची परीक्षा तोंडावर, हातात वेळ थोडा. शिवाय २०१२ ला लंडनमध्ये बायकांचं बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं आणि मेरी कोमनं ब्राँझ आणलं, ते हिनं लहानपणापासून ऐकलंय. त्याला मी काय उत्तर देणार?

क्लासेस बरेच पाहिले. तायक्वांदोवाल्यांच्या लाथा बघून डोळे दिपले, पण त्यांच्या स्पर्धेत हातानं डोक्यावर मारायला बंदी, म्हणून मुलं हात खाली सोडूनच उभी राहतात. क्राव्ह मागा, ते इस्रायली स्वसंरक्षणाचं तंत्र, मला पटलं होतं. इमी लिख्टेनफेल्डनं १९३० च्या दशकात ब्रातिस्लाव्हात ज्यूंवर हल्ले होत होते तेव्हा रस्त्यावर जे शिकलं त्यातून ते उभं राहिलं, म्हणजे पदकासाठी नाहीच. पण मी पाहिलेल्या क्लासमध्ये समोरचा मुलगा धरायचा आणि मुलीनं कोपर उचललं की आपणहून खाली पडायचा! तासभर बघितलं, एकदाही कुणी म्हणालं नाही, "आता सोडू नकोस, बघू कशी सुटते." अशा क्लासची मला भीती वाटते गं. येत नाही हे माहीत असलेली मुलगी निदान पळते तरी. दुसरीकडे दर तीन महिन्यांनी पट्टा आणि त्याची वेगळी फी. आपल्या इथला मर्दानी खेळ तर माझ्या जिवाचा, आणि दांडपट्टा फिरवणाऱ्या पोरी बघितल्या की आजही अंगावर काटा येतो, पण लाठी घेऊन ती अभ्यासिकेत कशी जाणार? तालमीत घाला म्हणून माझा भाऊ मागे लागलाय. कुस्ती वाईट नाहीच. तुला सरांनी कुस्तीतली धोबीपछाड आणि ज्युडोतली सेओई नागे एकापाठोपाठ एक करून दाखवलेली आठवते ना, फरक शोधत बसलो होतो आपण.

पण खरी गोष्ट मला दुसरीकडे सापडली. कॅनडातल्या तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या मुलींवर झालेला एक अभ्यास २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला होता. काही मुलींना बारा तासांचं प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांना नुसती माहितीपत्रकं. पुढच्या वर्षभरात बलात्काराचं प्रमाण पत्रकवाल्यांत ९.८ टक्के आणि शिकलेल्यांत ५.२ टक्के. बाराच तास, शुभे! आणि त्यातले हातापायांचे तास थोडेच. ओळखीचा माणूस हद्द ओलांडतोय हे लवकर कसं ओळखायचं, त्याला वाईट वाटेल ही भीड मोडून मोठ्यानं नाही कसं म्हणायचं, याचाच सराव जास्त. आपल्या सरांनी सगळं शिकवलं, पण दादा म्हटलेल्या माणसावर ओरडायला कुणी शिकवलं? मिरजेचा तो माणूसही अनोळखी नव्हताच.

म्हणून मी आता रोज रात्री तिला फोनवर ओरडायला लावतेय. "हात सोड!" एवढंच. पहिल्या दिवशी आवाज फुटेना, काल खोलीतली मुलगी उठून बसली. मिरचीचा स्प्रे हवा तर ठेव म्हटलं, चाकू नको. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांनी स्वसंरक्षणाचा हक्क दिलाय, पण गरजेपुरताच, आणि चाकू हिसकावला गेला तर तो तिच्यावरच उलटायचा.

बरं, भावजींचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन झाल्यावर जिने चढू देऊ नकोस. ओंकारच्या नोकरीचं कळलं, फार आनंद झाला, पेढे उधार ठेव. इंदूरला थंडी पडली असेल. माझं बीपी गोळीवर ठीक, आईही बरी.

आता कामाचं. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मी पुण्याला जातेय. एक ज्युडोचा क्लास आणि एक बॉक्सिंगचा, दोन्हीकडे आठवडाभर फुकट येऊन बघा म्हणालेत, आणि दोन्हीकडे मुली खरोखर एकमेकींशी झुंजतात हे मी विचारून घेतलंय. तू ये. मृणू माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. आणि तू बॉक्सिंगच्या बाजूनं कौल दिलास तर मी मान्य करेन, एका अटीवर, उकेमी तिला आपण दोघींनी शिकवायची. मॅटवर उतरावं लागेल, तेव्हा साडीबरोबर ट्रॅकपँट आण. तिकीट काढलंस की कळव.

तुझी,
वैजू