सूचना : रविवारची बैठक सुनेत्रा सरकार यांच्यावर

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सायंकाळी ७ वाजता ऑनलाइन बैठक आहे. विषय : ब्रिटिश दूरचित्रवाणी अभिनेत्री सुनेत्रा सरकार.

१९७३ साली लिव्हरपूलमध्ये बंगाली कुटुंबात जन्म. १९८८ मध्ये, शाळकरी वयातच, चॅनल फोरच्या 'ब्रुकसाइड' मालिकेत निशा बात्रा साकारली. पुढे 'नो एंजल्स'मध्ये परिचारिका. बीबीसीच्या 'कॅज्युअल्टी'त २००७ ते २०१६ त्या डॉ. झोई हॅना होत्या. ही डॉक्टर हुशार, थोडी हट्टी, स्वतःच्या आयुष्यात चुका करणारी. तिचं आशियाई असणं हा कथेचा प्रश्न कधी झाला नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. २०१४ चा 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग' हा नृत्यस्पर्धेचा कार्यक्रमही त्यांनी केला, त्यावर वेळ घालवायला नको.

मुख्य चर्चा 'ॲकली ब्रिज' मालिकेत त्यांनी साकारलेल्या कनीज पराचावर ठेवू. यॉर्कशरमधलं गाव, गोरी आणि आशियाई मुलं एकत्र आणणारी नवी शाळा, आणि मुलगी नसरीन समलिंगी आहे हे पचवू पाहणारी ही पाकिस्तानी वंशाची आई. निदान पहिला सीझन पाहूनच या, विशेषतः मायलेकींचे प्रसंग. लिंक शनिवारी गटावर टाकते. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.