हवेच्या बुडबुड्यावर लाल फुली

मा. संपादक,

स. न. वि. वि.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाची बातमी आपण फोटोंसह छापलीत, त्याबद्दल आभार. मी ते प्रदर्शन पाहायला गेले होते. एकोणतीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे निवृत्तीनंतरही पाय तिकडे वळतातच. ज्वालामुखी, पवनचक्की, ठिबकची प्रतिकृती, थर्माकोलचं हृदय. मुलांनी रात्री जागवून काम केलेलं दिसत होतं. प्रत्येक टेबलापाशी मी एकच विचारलं, "बाळा, हे करताना तुला वाटलं होतं एक आणि झालं भलतंच, असं काही घडलं का?" मुलं गोंधळून सरांकडे पाहायची. पाठ केलेल्या माहितीत हा प्रश्न नव्हता.

दोष मुलांचा नाही. जीवशास्त्र आपण व्याख्यांचं शिकवतो, आणि ज्या वाटेने त्या व्याख्या हाती आल्या ती वाट मात्र तीन गुणांच्या एका उत्तरात गुंडाळतो : निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. हे पाच शब्द ज्याला क्रमाने म्हणता आले त्याला वैज्ञानिक पद्धत आली, असं आपण धरून चालतो.

आमच्या गल्लीतली नववीची एक मुलगी मध्यंतरी प्रयोगवही घेऊन माझ्याकडे आली. रडून डोळे लाल झाले होते. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशींची आकृती तिने काढली होती, त्यावर लाल फुली आणि खाली शेरा : 'पुस्तकाप्रमाणे काढा.' आकृतीत विटांसारख्या पेशी नव्हत्याच. होती ती तीन-चार गोल वर्तुळं, जाड काळ्या कडेची, आतून पांढरीशुभ्र. मी विचारलं, हे कुठून काढलंस? म्हणाली, "दिसलं तेच काढलं."

ते हवेचे बुडबुडे होते. पापुद्र्यावर कव्हरस्लिप, म्हणजे वरून झाकायची पातळ काच, तिरकी न टेकवता एकदम आडवी ठेवली की खाली हवा अडकते, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला तोच देखावा ठळक दिसतो. माझ्याकडे जुना सूक्ष्मदर्शक आहे. घरातलाच लाल कांदा चिरला, आतल्या बाजूचा पापुद्रा चिमट्याने ओढला, पाण्याच्या थेंबात पसरला आणि कव्हरस्लिप मुद्दाम चुकीची ठेवून तिला म्हटलं, आता सुईच्या टोकाने काच हलकेच दाब आणि बघत राहा. तिने दाबली आणि ओरडलीच, "हाई त हालस, मॅडम!" (हे तर हलतंय!) मग नजर वर्तुळावरून बाजूला सरकली. तिथे फिकट रेघांची जाळी होती, लांबट घरं, एकाला एक लागून. दाबलं तरी त्यांचा आकार जागचा हलत नव्हता. आयोडीनचा थेंब सोडल्यावर घराघरात पिवळसर ठिपका उठून दिसला. "मग हे का नाही घरंगळत?" हा प्रश्न तिचाच. पेशीभित्तिका, म्हणजे पेशीला आकार देणारी तिच्याभोवतीची कडक भिंत, ही व्याख्या तिला सातवीपासून पाठ होती. तिचं काम काय, ते तिला त्या दुपारी कळलं.

तिच्या वर्गात पुस्तकातली आकृती उतरवणाऱ्यांना पूर्ण गुण होते. त्यातल्या कितीकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळाही लावला नव्हता. तिच्या बाईंवर मला राग काढायचा नाही. वर्गात साठ मुलं, दोन सूक्ष्मदर्शक आणि पस्तीस मिनिटांचा तास, ही कसरत मी आयुष्यभर केली आहे. असे शेरे माझ्या हातूनही गेले आहेत आणि त्यांची खंत मला आहे. पण जे दिसलं ते लिहिणाऱ्या मुलीला फुली आणि न पाहता लिहिणाऱ्याला शाबासकी, हे ज्या दिवशी मुलांच्या लक्षात येतं त्या दिवशी त्यांचं विज्ञान संपतं. पुढे उरतो तो विषय.

या संदर्भात आपल्या मातीतली एक गोष्ट खान्देशातल्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवी, आणि शहाद्यातल्या मुलांना तर नक्कीच. ती आहे रानपिंगळ्याची. या छोट्या घुबडाला पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी १८७३ साली शास्त्रीय नाव दिलं. पुढे आपल्या खान्देशात नोकरीला असलेले जेम्स डेव्हिडसन नावाचे इंग्रज अधिकारी पक्ष्यांचे नमुने जमवत, त्यांनी इथून याचे नमुने मिळवले. १८८४ नंतर पक्षी गायब. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात कातडी उरली होती. त्यातलं एक मात्र १९१४ सालचं होतं, गुजरातेतल्या मांडवीचं, रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नामांकित माणसाच्या संग्रहातलं. शोधणाऱ्यांनी साहजिकच नमुन्याला बांधलेल्या, गाव-तारीख लिहिलेल्या त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला. पक्षी काही मिळाला नाही.

मग पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी पक्ष्याच्या आधी चिठ्ठीच तपासायला घेतली. कातडं कसं सोललं आहे, आत काय भरलं आहे, टाके कसे आहेत, हे त्यांनी इतर नमुन्यांशी ताडून पाहिलं, क्ष-किरणांखाली घातलं. प्रत्येक माणसाची शिवण वेगळी असते. १९१४ चा म्हणवणारा तो नमुना मुळात डेव्हिडसन यांच्या हातचा निघाला : संग्रहालयातून चोरलेला, नव्याने भरलेला, खोटी तारीख आणि खोटं गाव लावलेला. म्हणजे मांडवी बाद. मग गृहीतक असं उरलं की पक्षी शोधायचा तर खऱ्या नमुन्यांच्या गावांत. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट अशी तिघं ती जुनी ठिकाणं पालथी घालत अखेर आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी आली. आणि सकाळच्या उन्हात, उघड्या फांदीवर तो बसलेला दिसला. ११३ वर्षांनी.

दिसला म्हणून ती मंडळी नाचत सुटली नाहीत. आपल्या गावात वडा-चिंचेच्या ढोलीत असतो तो साधा पिंगळाही जवळपास तसाच. त्यांनी एकेक खूण ताडली : डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, डोकं आणि चोच मोठी, पायांवर पांढरी पिसं. सोबत व्हिडिओही घेतला. पहिल्या भेटीच्या आनंदातही पुरावा गोळा करणारी ही शिस्त आणि आपली ती फुली मारलेली आकृती मी शेजारी शेजारी ठेवते, तेव्हा मला फार वाईट वाटतं. एवढा मोठा शोध आपल्या दारात लागला आणि मी नोकरीत असताना माझ्या वर्गातल्या साठ मुलांपैकी एकालाही तो ठाऊक नव्हता.

शेतातलं एक उदाहरण देते, कारण 'हे सगळं शाळेतलं' असं म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. माझ्या दिरांची पपई आहे. पानं पिवळी-हिरवी चट्टेरी झाली, फळांवर गोल कडी उमटली. हा रिंगस्पॉट विषाणू, मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. विषाणूला स्वतःची पेशी नसते. तो झाडाच्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच आपल्या प्रती काढून घेतो, म्हणून बुरशीनाशक मारून तो जात नाही. हे आठवीच्या मुलाला माहीत असतं, पण दुकानदार बाटली पुढे करतो तेव्हा वहीतलं कोण आठवतं? दिरांनी महागडं टॉनिक फवारलं आणि मला म्हणाले, "वहिनी, आठ दिवसांत शेंडा हिरवा झाला बघा."

मी विचारलं, "भाऊ, न फवारलेल्या झाडांचा शेंडा कसा आहे?"

न फवारलेलं एकही झाड त्यांनी ठेवलं नव्हतं. पुढच्या वेळी दोन ओळी सोडल्या, खुणेला जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. वीस दिवसांनी आम्ही दोघं फिरलो, फरक काही कळेना. मी मनात म्हटलं, झालं, टॉनिक निकामी ठरलं. तर दीरच म्हणाले, "पण वहिनी, त्या दोन ओळी विहिरीकडच्या. तिकडची जमीन भारी आहे, तिथं झाड तसंही जोरात असतं. पुढच्या वेळी मधल्या ओळी सोडू." शाळा दहावीत सुटलेला हा माणूस. तुलना करायची तर बाकी सगळं सारखं हवं, ही गोष्ट मी फळ्यावर किती वर्षं लिहिली, आणि त्यांनी ती बांधावर उभं राहून मलाच सांगितली.

घरात करण्यासारखंही बरंच आहे. डाळी-कडधान्यात भुंगे 'आपोआप' पडतात, असं अजूनही सर्रास म्हटलं जातं. मांसात अळ्या आपोआप होतात हा समज फ्रान्चेस्को रेदी यांनी १६६८ साली बरण्यांच्या तोंडाला बारीक कापड बांधून तपासला होता : माशी आत न गेलेल्या बरणीत अळी नाही. मुगाचंही तसंच करता येतं. मुगाच्या दाण्यावर साखरेच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसतात, ती भुंग्याची अंडी. त्याच पोत्यातला मूग दोन बाटल्यांत भरायचा, एका बाटलीतला आधी चांगला गरम करून घ्यायचा, म्हणजे त्यावरची अंडी मरतात, दोन्ही झाकून तारीख लिहायची. खर्च शून्य, फक्त महिना-दीड महिना धीर हवा.

माझी शाळांना एक विनंती आहे. प्रयोगवहीत दर प्रयोगामागे एक कोरं पान ठेवा आणि त्यावर मुलाला जे खरोखर दिसलं तेच लिहू द्या, पुस्तकाशी जुळो वा न जुळो. जुळलं नाही तर का जुळलं नसेल, या दोन ओळींना गुण द्या. बुडबुडा काढला तर 'तो बुडबुडा आहे हे कसं ओळखशील?' एवढंच समासात लिहा. साठ वह्यांत हे जड जाईल, हे मला कळतं. निदान दहा वह्यांपासून सुरुवात करा.

आणि आपल्याला एक विनंती, संपादक महोदय. प्रदर्शनातल्या बक्षिसांच्या फोटोंसोबत आठवड्यातून एकदा चार ओळींची जागा मुलांच्या नोंदींना द्यावी. तारीख, वेळ, ठिकाण, काय पाहिलं आणि ते तेच कशावरून. मत नको, निबंध नको. मागच्या रविवारी गल्लीतल्या पाच मुलांना घेऊन मी सातपुड्याच्या पायथ्याला गेले होते, रानपिंगळा दिसेल या आशेने. त्यातल्या सहावीतल्या मुलाने लिहिलेली नोंद पहिली म्हणून सोबत पाठवते आहे, जशीच्या तशी :

'सकाळी सव्वासात. चिंचेच्या ढोलीत एक पिंगळा. आम्ही सगळे खूश झालो. मग दुर्बिणीतून बघितलं, डोक्यावर पांढरे ठिपके खूप होते. म्हणून हा साधा पिंगळा. रानपिंगळा दिसला नाही.'

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
शहादा, जि. नंदुरबार