भाट्याच्या खाडीतल्या होडीवाल्या काकांना

काका, तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे माहितीय, पण तुमचा मुलगा वाचून दाखवेल म्हणून इथेच लिहितेय.

तुमच्याकडे यायच्या आधी माझे दोन महिने फुकट गेले होते. एकाने अॅडव्हान्स घेतला आणि फोन बंद. दुसऱ्याने नेलं, पण येताना खाडीच्या तळाच्या चिखलाचे थर जसेच्या तसे भरून घेतलेली माझी नळी टेम्पोत आडवी टाकली, वरचं खाली आणि खालचं वर, सगळा काला! मी काही बोलले तर म्हणे, "मॅडम, चिखलच आहे ना?"

आता चिखलच आहे, पण मला हवा होता वरचा जेमतेम एक सेंटीमीटर. जिवंत फोरॅम बहुतेक तिथेच सापडतात, वाळूच्या कणाएवढे एकपेशीय जीव, बऱ्याच जणांना चुन्याचं कवच. तिथून थोडंसं खाली गेलं की ऑक्सिजन संपतो, काळा गाळ लागतो, आणि तुम्ही नाक धरलंत तो सडक्या अंड्यांचा वास तिथल्या बॅक्टेरियांचा, ते ऑक्सिजनशिवाय सल्फेटवर भागवतात.

हे काहीच मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. "उभी ठेवायची" एवढंच म्हटलं. आणि तुम्ही ती नळी दोन गुडघ्यांत धरून बसलात, मुलाला म्हणालात इंजिन हळू घे, लाट आली की वरून हात धरायचात, लग्नातली दुधाची कळशी नेतात तशी. जेटीवर उतरताना तुम्हाला उठताच येईना, पाय आखडलेले. भाडं ठरलं होतं तेवढंच घेतलंत वर. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं फील्डवर्क होतं, नाहीतर शिकलेल्यांनी काय दिवे लावले ते बघितलंच.

तर काका, नळी शाबूत पोचली. वरचा थर रोझ बेंगॉल नावाच्या गुलाबी रंगात ठेवून ६३ मायक्रॉनच्या चाळणीत धुतला. मेलेल्यांची रिकामी कवचं पांढरीच राहतात आणि जिवंत होते ते आतून गुलाबी, अमोनिया नावाचे (वायू नव्हे, फोरॅमचाच एक प्रकार) तर भरपूर, गोल शंखासारखे. लॅबमध्ये एकटी होते, रडलेच थोडी.

पाऊस ओसरला की परत येणारे, काजळी नदीचं गोडं पाणी खाडीत भरल्यावर यातले कोण टिकलेत ते बघायचंय. नळी तुम्हीच धरायची.

आणि तुम्ही विचारलं होतंत ना, यांना डोळे असतात काय? नाहीत. कवचातून दोऱ्यासारखे पाय काढून सरकतात. फोटो लॅमिनेट करून ठेवलाय, येताना आणते.

तुमची,
चिखलवाली