जुगाराचे व्यसन आणि मंत्रचळ: दोन आजारांची गल्लत नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने संमत केला. तेव्हापासून जुगाराच्या व्यसनाविषयी वृत्तपत्रांत पूर्वीपेक्षा बरेच छापून येऊ लागले, हे चांगलेच झाले. मात्र या लिखाणात जुगाऱ्याला ‘ओसीडी’ (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणजेच ‘मंत्रचळ’ झाल्याचे सर्रास म्हटले जाते. माझे आयुष्य मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात समुपदेशनात गेले आहे. या गल्लतीमुळे रुग्णावर चुकीचे उपचार होण्याचा धोका असतो, म्हणून हे पत्र.

ज्याला ओसीडी आहे त्याच्या मनात नकोसा विचार घुसतो. गॅस बंद केला नसेल, हाताला काही लागले असेल, आपल्या हातून कोणाला इजा होईल, असे ते विचार असतात. ते फोल आहेत हे बहुतेक वेळा त्याचे त्यालाच कळत असते, तरीही बटण पुन्हापुन्हा तपासल्यावाचून किंवा हात पुन्हापुन्हा धुतल्यावाचून जिवाची घालमेल थांबत नाही. त्या कृतीत त्याला आनंद नसतो, मिळाला तर घटकाभर सुटकारा मिळतो. धोका टाळण्यासाठी त्याची सारी धडपड चाललेली असते. जुगारी नेमका उलट्या दिशेने निघालेला असतो. निदान सुरुवातीला तरी त्याला धोक्याचीच ओढ असते, जिंकण्याचा विचार त्याला हवाहवासा वाटतो आणि पत्ता उघडण्यापूर्वीच्या त्या काही क्षणांची नशा त्याला पुन्हा फडावर आणते.

वैद्यकशास्त्रालाही हा भेद ठरवायला वेळ लागला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८०मध्ये अनिवार जुगाराला आजार म्हणून प्रथम आपल्या सूचीत घेतले ते आवेग न आवरण्याचा विकार म्हणून. १९९०च्या दशकात एरिक हॉलंडर आदी संशोधकांनी असा विचार मांडला की ओसीडी आणि तत्सम विकारांचा एक सलग पट्टा असावा आणि जुगार त्या पट्ट्याच्या आवेगी टोकाला बसत असावा. ही कल्पना बराच काळ चर्चेत होती. पण २०१३च्या सुधारित सूचीत जुगार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी गेला, तर ओसीडीला स्वतंत्र प्रकरण मिळाले. २०२२पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानेही जुगाराला व्यसनांतच धरले आहे.

एवढ्यावर विषय संपला असता तर बरे झाले असते, पण प्रत्यक्षातली माणसे सूचीतल्या कप्प्यांत नीट मावत नाहीत. मटक्याचा जुना खेळणारा पाहा. मागच्या कित्येक महिन्यांचे जोडी चार्ट, म्हणजे आलेल्या आकड्यांचे तक्ते, त्याने जपून ठेवलेले असतात, ओपनवरून (पहिल्या आकड्यावरून) क्लोज (नंतरचा आकडा) काढण्याची त्याची स्वतःची रीत असते, ठरावीक आकडा ठरावीक वारी लावला नाही तर दिवसभर चुटपुट लागते आणि नेमका त्याच दिवशी तो आकडा आला तर काय, या धास्तीने तो खिशात पैसे नसताना उधारीवर खेळतो. इथे लाभाची ओढ मागे पडलेली असते आणि न खेळण्याची भीती पुढे आलेली असते. व्यसन मुरल्यावर अनेक जण मजेसाठी खेळतच नाहीत. गेलेले पैसे वसूल करण्यासाठी किंवा मनातली तगमग तेवढ्यापुरती शमवण्यासाठी खेळतात. बाहेरून पाहणाऱ्याला मग तपासलेले कुलूप पुन्हा तपासणारा आणि हरलेला डाव पुन्हा मांडणारा सारखेच दिसू लागतात, आणि या टप्प्यावर ते काही अंशी सारखे असतातही.

संशोधनही याला दुजोरा देते, पण काही अटींवर. अमेरिकेत रँडी फ्रॉस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरीच्या आणि खरवडायच्या तिकिटांच्या नादी लागलेल्यांचा अभ्यास २००१मध्ये प्रसिद्ध केला. त्यात अनाहूत विचार, सक्तीच्या कृती आणि वस्तू साठवून ठेवण्याची सवय या लोकांत अधिक आढळली. त्याआधी १९९९मध्ये ऑस्ट्रेलियाचे अ‍ॅलेक्स ब्लाश्चिन्स्की यांनी मंत्रचळाची लक्षणे मोजणारी प्रश्नावली जुगाऱ्यांना दिली होती. त्यांचे गुण जास्त आले, पण ते विशेषकरून मनावरचा ताबा सुटणे आणि आपल्या हातून भलतेच काही घडेल अशी भीती या भागांत. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो, कारण केवळ बेरीज पाहणाऱ्याने ‘ओसीडी’ असे लिहून कागद मिटला असता. २०१५मध्ये अमेरिकी लष्करातील जुळ्या भावांच्या अभ्यासातून दोन्ही विकारांमागे काही आनुवंशिक घटक सामायिक असल्याचे दिसले. दुसरीकडे, २००१-०२मध्ये अमेरिकेत ४३ हजारांहून अधिक लोकांची जी पाहणी झाली, तिच्यात जुगाराच्या विकाराने ग्रासलेल्यांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश लोकांना आयुष्यात कधी ना कधी मद्याचाही विकार जडलेला होता. तेव्हा मंत्रचळाशी जुगाराचे नाते दूरच्या भावकीचे, तर दारूशी सख्ख्या भावाचे म्हणावे लागेल.

उपचाराच्या वेळी हा भेद निर्णायक ठरतो. ओसीडीवर सेरोटोनिन हे मेंदूतले रसायन वाढवणारी औषधे बऱ्यापैकी गुणकारी आहेत. त्यांची मात्रा नैराश्यापेक्षा बहुधा जास्त लागते आणि गुण यायला दोन-तीन महिने जातात. हीच औषधे जुगारासाठी वापरून पाहिली तेव्हा निष्कर्ष उलटसुलट आले. दारू आणि अफूच्या व्यसनात दिल्या जाणाऱ्या नाल्ट्रेक्सोनचा काही चाचण्यांत उपयोग दिसला, पण खास जुगाराच्या व्यसनासाठी म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अद्याप एकही औषध मंजूर केलेले नाही. बोलण्याच्या उपचारांतही फरक आहे. ओसीडीच्या रुग्णाला मळक्या वस्तूला हात लावायला सांगून धुण्यापासून रोखतात, आणि काही वेळाने भीती आपोआप ओसरते हे त्याला अनुभवाने पटते. जुगाऱ्याच्या बाबतीत मात्र पैशांच्या नाड्या आवळणे, अ‍ॅप आणि खाती बंद करणे, कर्जाचा खरा आकडा घरच्यांसमोर मांडणे आणि ‘आता आपला नंबर लागणारच’ या हिशेबातली खोट त्याला दाखवणे, ही कामे आधी करावी लागतात.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट नोंदवतो, जी फारशी कोणी सांगत नाही. ओसीडी औषधांना दाद देत नसेल तर काही वेळा जोडीला अ‍ॅरिपिप्राझोल हे एरवी तीव्र मनोविकारांवर वापरले जाणारे औषध देतात. या औषधामुळे क्वचित जुगाराची अनावर ओढ निर्माण होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६मध्ये दिला आहे. पार्किन्सनच्या प्रॅमिपेक्सोलसारख्या औषधांबाबतही हे ठाऊक आहे. म्हणजे मंत्रचळाचा रुग्ण एकाएकी जुगार खेळू लागला तर त्याचा स्वभाव बिघडला असे मानण्याआधी औषधांची चिठ्ठी पाहावी. औषध मात्र स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांशी बोलावे.

म्हणून डॉक्टरांना आणि समुपदेशकांना माझी विनंती आहे की, जुगारासाठी आलेल्या माणसाला मंत्रचळाबद्दल आणि मंत्रचळासाठी आलेल्याला जुगाराबद्दल निदान दोन प्रश्न विचारावेत. माणूस लाजेने आपणहून सांगत नाही. आपल्या दैनिकाकडूनही एक अपेक्षा आहे: जुगारापायी कर्जबाजारी झालेल्यांच्या किंवा आत्महत्येच्या बातमीखाली ‘टेलिमानस’चा १४४१६ हा विनाशुल्क सरकारी मदत क्रमांक दरवेळी छापावा आणि आजाराचे नाव डॉक्टरांना विचारूनच लिहावे.

आपला,
एक निवृत्त समुपदेशक, सांगली