आई, ते मांजर नव्हतं

भोसरी, रविवार दुपार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले की आई "बरं बरं, जेवलीस का" म्हणते आणि बाबा फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहितेय. बाबा, अक्षर मोठं काढलंय. चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नका. सगळं वाचून झाल्यावर काय रागवायचं ते रागवा.

जुळे सोलापुरात तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा मी अकरा महिन्यांच्या करारानं घेतली आहे. डिपॉझिट परवा भरलं, एक तारखेला किल्ली हातात येईल. तुम्हाला न विचारता ठरवलं, हे माझं चुकलंच. पण विचारलं असतं तर सिद्धेश्वराची गड्डा जत्रा झाल्यावर बघू, मग उन्हाळा सरल्यावर बघू, असं करत करत आत्याच्या वेळी झालं तेच झालं असतं. ते परत बघायची माझ्यात ताकद नाही.

आधी हे ऐका. आपलं घर विकायचं नाव मी काढलेलं नाही, काढणारही नाही. यंत्रमागाचे साचे आहेत तिथेच राहतील. बाबांनी रोज सकाळी दहाला शेडवर यायचं, दुपारचा डबा तिथेच खायचा, सहाला परत जायचं. फक्त रात्र तिकडे काढायची. मला तुमच्या रात्री हव्यात, दिवस तुमचेच राहू द्या.

आता कारण. दिवाळीत मी आजीच्या फोटोखाली भिंतीला मेणानं ती हादरे मोजणारी नाण्याएवढी वस्तू चिकटवली होती, दुसरी पलंगाच्या पायाशी फरशीवर, आणि खिडकीपाशी मायक्रोफोन. तुम्ही विचारलंत तेव्हा "ऑफिसचं यंत्र तपासतेय" म्हणाले. ते अर्धं खरं होतं. यंत्र ऑफिसचंच, परवानगी काढून आणलेलं, पण तपासत होते मी आपली झोपायची खोली. तुमचं बोलणं त्यात नाही. आवाज किती मोठा आणि भिंत, फरशी किती हलते, एवढंच त्यात नोंदलं गेलं. तरी चोरून केलं याचं मला वाईट वाटतं. माफ करा.

तीन रात्रींची नोंद मी इथे आल्यावर उघडली. पहिल्यांदा पडद्यावर काय दिसलं माहितीय? रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत एक जाड हिरवा पट्टा, चादरीच्या काठासारखा सरळ. बघणारा म्हणेल, रात्रभर काही घडलंच नाही. पण त्या पडद्यावर आडवे ठिपके १९२० आणि आठ तासांचे सेकंद २८,८००. म्हणजे एकेका ठिपक्याच्या रुंदीत पंधरा सेकंद कोंबलेले. मिनिटाला दीडशे पिकं, म्हणजे धोट्याच्या दीडशे फेऱ्या, घालणाऱ्या साच्याची सदतीस पिकं त्या एका रेघेत दबून जातात, मग माणसाचं उठणं-बसणं कुठून दिसणार? म्हणून झूम लागतो. माऊस दाबून हवा त्या भागाभोवती चौकोन ओढायचा, की तेवढाच भाग पडदाभर पसरतो. मी तासाचा चौकोन काढला, मग दहा मिनिटांचा, मग अर्ध्या मिनिटाचा. तेव्हा कुठे पट्टा उसवला आणि शेजारच्या साच्याचे टोले सुटे झाले.

बाबा, इथे मला तुमचा पिक ग्लास आठवला. शेडमध्ये रुईचं भुरं केसांत घेऊन मी तुमच्या गुडघ्याशी बसायची. तुम्ही चादरीच्या तुकड्यावर ते पितळी चौकटीचं भिंग ठेवून म्हणायचात, "एक डोळा मिट." नुसत्या डोळ्यांना गुळगुळीत दिसणारं कापड आत बघितलं की दोरखंडांनी विणलेलं वाटायचं. तुम्ही सुईच्या टोकानं एकेक धागा मोजायचात आणि मला मोजायला द्यायचात. तिसाच्या पुढे गेलं की माझी सुई घसरायची, मोजणं चुकायचं आणि मी रडायला लागायची. "सुई हलवू नको, डोळा हलव," असं म्हणत तुम्ही माझं मनगट हलकेच धरून ठेवायचात. पुढे आई पदरानं माझ्या केसांतलं भुरं टिपायची आणि तुम्हालाच ओरडायची.

माझ्या सॉफ्टवेअरमध्ये सुईच्या जागी कर्सर आहे. पडद्यावर दोन उभ्या रेघा येतात. एक एका टोल्याच्या शेंड्यावर लावायची, दुसरी पुढच्या टोल्यावर, आणि खाली कोपऱ्यात दोघींमधलं अंतर उमटतं. मला मिळालं ०.४ सेकंद, म्हणजे मिनिटाला दीडशे. पण एका अंतरावर मी विसंबले नाही. तुम्ही एका धाग्यावरून कधी कापड ठरवलंत का? पूर्ण इंच मोजायचात. तसंच मी पहिली रेघ झूम करून नीट बसवली, तिला तिथेच ठेवलं, चित्र पुन्हा लहान करून शंभर टोले पुढे गेले, तिथे झूम करून दुसरी बसवली. चाळीस सेकंद. शंभरानं भागलं तरी ०.४ च आलं, आता खात्रीनं.

मग उभ्या दिशेनं झूम केला आणि दिसलं की टोले सारखे नाहीत. एक उंच, एक बुटका, पुन्हा उंच, पुन्हा बुटका. दोन उंच टोल्यांवर रेघा लावल्या तर अंतर ०.८. साच्याचा खालचा शाफ्ट दोन पिकांमागे एकदा फिरतो, हे तुम्हीच मला शिकवलंय, म्हणून लगेच कळलं की एका बाजूचा मार जास्त आहे. मला हे काढायला अख्खी संध्याकाळ लागली. आणि तुम्ही पाडव्याच्या दिवशी ओट्यावर चहा पिताना शेजारच्या शेडकडे मान करून म्हणाला होतात, "डाव्या अंगाचा मार जड झालाय बघ, पिकर गेला असणार." धोट्याला टोला देणारा तो पिकर अजून बदललेला नसेल तर त्यांना सांगा. बाबा, तुमच्या कानांवर माझा किती विश्वास आहे, हे मी कधी बोलून दाखवलं नाही.

त्याच कानांबद्दल आणखी थोडं लिहिते, मनाला लावून घेऊ नका. साच्यांत जन्म गेलेल्यांच्या कानांची झीज बहुतेक ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. धाडधाड नीट ऐकू येतं, पण बारीक आवाज आणि बोलण्यातले स, श, फ हे निसटतात. म्हणून नात फोनवर बोलली की तुम्ही फोन आईकडे देता. मला वाटायचं तुम्हाला कंटाळा येतो. मीच समजायला उशीर केला.

आता आई, तुझ्याकडे येते.

दुसऱ्या रात्री २ वाजून ४१ मिनिटांनी वीज गेली, आठवतं? आलेखात ती जागा एखाद्या कड्यासारखी आहे. आवाज ६१ डेसिबलवरून एकदम ३४ वर आला. सगळी पेठ थांबली आणि त्या शांततेत तीन-चार बारीक उंचवटे उठून दिसले. मी चौकोन ओढला, कर्सर पहिल्या उंचवट्यावर नेला. २:४७. फरशीवर पावलं, पलंगापासून मोरीकडे. मग स्वयंपाकघराकडे. मग मायक्रोफोनवर एक टोकदार रेघ, पेला कट्ट्यावर ठेवल्यासारखी. परतीची पावलं मात्र दहा मिनिटांनी. मी तुला फोनवर सहज विचारलं, रात्री कोण उठलं होतं गं? तू म्हणालीस, मांजर आलं असेल. आई, ते मांजर नव्हतं. मांजराची पावलं फरशीवर इतकी उमटत नाहीत आणि मांजर दहा मिनिटं कट्ट्याला टेकून उभं राहत नाही.

मग मी उरलेल्या रात्रीही तशाच चाळल्या. साचे चालू असताना तुझी पावलं टोल्यांत बुडतात, पण फरशीवरच्या वस्तूला ती जवळची, म्हणून नेट धरून शोधली की सापडतात. एका रात्री चार वेळा, एका रात्री पाच, एका रात्री पुन्हा चार. आणि बाबा, तुम्ही तीन रात्रींत एकदाच उठलात, तेही वीज गेल्यावर. आवाज थांबला म्हणून तुम्हाला जाग आली. म्हणजे तुम्ही म्हणता तेही खरं आहे, तुम्हाला साच्यांशिवाय झोप लागत नाही. पण आईला साच्यांत लागत नाही, आणि तिनं ते कधी सांगितलं नाही. मला वाटतं, आपलं पोट ज्यावर चाललं त्या आवाजाबद्दल तक्रार कशी करायची, असंच तिच्या मनात असणार.

आईचं बीपी गोळी वाढवूनही उतरत नाही आणि डॉक्टर दर वेळी झोपेबद्दल विचारतात. राहत्या वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलच्या वर आवाज नको, असा आपल्याकडे २००० सालापासून नियम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं तर २००९ मध्ये रात्री घराबाहेर ४० च सांगितलं. आपल्याकडे खिडकी लावून ६१. आकडा सोळानंच जास्त दिसतो, पण डेसिबलचं गणित वेगळं असतं, सोळा म्हणजे सुमारे चाळीस पट ऊर्जा. शेजाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्या रात्रपाळीवर सात-आठ घरं जेवतात, हे मला कळतं. म्हणून त्यांना काही न म्हणता आपणच थोडं सरकू.

भिंतीच्या भेगेची काळजी मात्र सोडा. पहिल्यांदा भिंतीचा आलेख बघून माझंही काळीज हललं होतं, टोले डोंगराएवढे दिसत होते. मग बाजूचा आकडा वाचला. पडदा रिकामा दिसू नये म्हणून सॉफ्टवेअर आलेख आपोआप उभा ताणतं, आणि केसाएवढं हलणंही डोंगर होऊन बसतं. खरा आकडा सेकंदाला ०.६ मिलिमीटर. जर्मनीच्या डीआयएन ४१५० मानकात राहत्या घराला सतत बसणाऱ्या हादऱ्यांसाठी ५ पर्यंतचा आकडा धरतात. ती भेग साच्यांमुळे पडलेली दिसत नाही. बाबांनी बांधलेलं घर पक्कं आहे.

नवी जागा मी दिवसा नुसती बघून आले नाही. मालकांना विचारून एक रात्र तिथे सतरंजी टाकून झोपले आणि यंत्र लावलं. ३८ आलं, तेही पहाटे कुत्री भुंकली ती धरून. बोअरचं पाणी आहे, वर टाकी आहे, चार-चार दिवसांनी येणाऱ्या नळासाठी पहाटे पिंपं भरायला नकोत. कट्ट्याची उंची मी आईच्या कमरेशी मापून घेतली, भाकरी थापताना खांदे उचलावे लागणार नाहीत. देव पूर्वेच्या भिंतीला येतील. मागे अंगण आहे, तुळस आणि वाळवणाला पुरेल एवढं ऊन आहे. तळमजला मुद्दाम घेतला. जिना नको हे एक, आणि दुसरं म्हणजे आई, तुझं उखळ. शेंगाचटणी मिक्सरमध्ये करायला तू तयार होणार नाहीस, मला माहीत आहे. खाली कोणी राहत नाही, भर दुपारीसुद्धा मनसोक्त कुट. बाबांसाठी मोरीत आणि संडासात धरायला दांड्या बसवून घेतल्यात. शेडवर न्यायला-आणायला रिक्षा महिन्यावर ठरवलीय. कांडीवाल्या मावशींना मी सांगितलंय, रात्री घराला कुलूप असेल, सकाळी साडेनऊला ओट्यावर दिवा त्या लावतील.

आता माझं ऐका, दोघांनीही. आईनं रात्रीची गोळी जेवल्यावर लगेच घ्यायची, आवराआवर झाल्यावर नाही. रिकाम्या डब्या टाकू नकोस, मी मोजणार आहे. बाबांनी कानाची तपासणी याच आठवड्यात करायची, दादा गाडी घेऊन येईल, त्याला "पुढच्या आठवड्यात" म्हणायचं नाही. शेडमध्ये बसताना मी आणलेली ती कानावरची टोपी घालायची, खुंटीला टांगून ठेवायला नाही आणली. सामान बांधायला एकट्यानं वाकायचं नाही. लोखंडी पेटीला तर हातही लावायचा नाही. पेटीत काय आहे ते मला माहीत आहे, ती जिथे आहे तिथेच राहील.

आई, मार्गशीर्षातल्या गुरुवारचा कलश नव्या जागेत मांड, म्हणजे तुलाही ती जागा आपली वाटेल. गड्ड्याला मी सुट्टी टाकलीय, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याला आपण तिघं जाऊ. अकरा महिन्यांत तुमचं मन लागलं नाही, तर करार वाढवायचा नाही, तुमच्या घरी परत जायचं. तेव्हा मी एक शब्द बोलणार नाही. फक्त त्या अकरा महिन्यांतल्या तीन रात्री मला परत मोजू द्या, या वेळी सांगून.

शनिवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसनं येतेय. स्टेशनवर कोणी येऊ नका, जागत बसू नका. भाकरी दुपारचीच ठेवा, कडक झाली तर मला तीच आवडते. आणि बाबा, पिक ग्लास कपाटातून काढून ठेवा. बाकी सगळं टेम्पोत जाऊ दे, तो मी हातात घेऊन जाणार आहे.

तुमची,
चिमी