मावशींना, डायलिसिसच्या बाकावरून

प्रिय मावशी,

सप्रेम सलाम.

समोर बसून आभार मानायला गेले तर तुम्ही "पुरे गं" म्हणत चहा टाकायला उठाल. म्हणून इथे, चारचौघांत लिहितेय.

मृत दात्याची किडनी मिळावी म्हणून पुण्याच्या प्रतीक्षायादीत यांचं नाव लागलं त्याला तीन वर्षं झाली. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास डायलिसिस. यांचं पाणी मोजून-मापून, आणि किडनी मिळाल्याचा फोन कधीही येईल म्हणून माझा मोबाइल रात्रंदिवस मुठीत. आंघोळीला जाताना दाराशी ठेवायचा, उपासनेतही आवाज बंद करायचा नाही. चर्चच्या मंडळीतल्या पुष्कळांनी जीव लावला. "देवाची वेळ ठरलेली असते," म्हणाले. खरंच असेल, पण ऐकलं की मला रडू कोसळायचं. तुम्ही तसलं काही बोलला नाहीत. पिशवीत गोधडी घालून आलात आणि बाकावर शेजारी बसलात.

"सुई ओवून दे बाई, मला दिसत नाही."

पहिल्या दिवशी आठ-दहा वेळा ओवली असेल. पुढच्या आठवड्यात गोधडीचं एक टोक माझ्या मांडीवर आलं. हात टाक्यांत गुंतले तशी नजर मोबाइलवरून उठली आणि समोरचा बाक दिसला. श्रीगोंद्याहून पहाटेच्या एसटीनं येणारा तो कॉलेजचा मुलगा. मुलगा आत असेपर्यंत डब्याला हात न लावणारी त्याची आई. मी वर्षभर त्यांच्यासमोर बसत होते, मावशी, आणि मला त्यांची नावंही ठाऊक नव्हती. तुम्ही विचारलीत, मला पाठ करायला लावलीत, रात्री एकेक नाव घेऊन प्रार्थना करायला शिकवलीत.

एकदा मी हट्टानं म्हटलं, "आज रात्री फोन येऊ दे, एवढंच मागा." तुम्ही टाका अर्धा सोडलात. "ज्या रात्री आपला फोन वाजेल ना, त्या रात्री कुणाच्या तरी घरी आकांत असेल. आधी त्या घरासाठी मागू."

दोन दिवस मी तुमच्यावर रागावले होते. तिसऱ्या दिवशी पहाटे गुडघे टेकले आणि ज्या घराचा पत्ता मला कधी कळायचा नाही, त्या घरासाठी शब्द फुटले. प्रभू मला इतका जवळ आधी कधी वाटला नव्हता. तीन वर्षांत मला जे मिळालं ते त्या पहाटेपासून.

बायबलच्या स्तोत्र १३० मधला पहाटेची वाट पाहणारा पहारेकरीही तुम्हीच समजावलात: उजाडणं त्याच्या हातात नसतं, जागं राहणं असतं. आणि आपल्या नगरच्या कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची गोष्ट. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या पाच वर्षांबद्दल तुम्ही इतकंच म्हणालात, "दोघंही वाढत होती गं."

फोन अजून आलेला नाही. गोधडी मात्र काठापर्यंत आलीय. त्या मुलाच्या आईनंही परवा चार टाके घातले, जरा मोठे पडलेत, मी उसवले नाहीत. रविवारी नाताळाआधीच्या आगमनकाळाची पहिली मेणबत्ती लागेल. उपासना झाली की घाईनं निघू नका. मी पाच-सहा सुया ओवून ठेवल्यात.

तुमचीच,
सुई ओवणारी