‘आवाज आवडला नाही’ असं मी कुठेही म्हटलेलं नाही

सदाशिव पेठ, पुणे ३०

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘होम स्टुडिओ रॉक व्होकल किट’ या नावाने विकलेला कंडेन्सर माइक परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

तुमच्या वेबसाइटवरून ३,२९९ रुपयांना घेतलेला माइक परत घ्यायला तुम्ही नकार दिला आहे. ‘ग्राहकाला आवाज आवडला नाही. वैयक्तिक आवड हे परतीचं कारण होऊ शकत नाही,’ असं तुमच्या ईमेलमध्ये लिहिलं आहे. माझा अर्ज कृपया पुन्हा काढून वाचा. त्यात आवडीनिवडीचा विषयच नाही. वस्तू वर्णनाप्रमाणे नाही, असं मी लिहिलं होतं आणि कुठे कुठे नाही तेही लिहिलं होतं. तुमच्या फॉर्ममध्ये ‘वर्णनाशी जुळत नाही’ असा पर्यायच नसल्यामुळे मला ‘इतर’ निवडावं लागलं. त्या ‘इतर’चं ‘आवडला नाही’ कोणी केलं, ते तुम्ही आत चौकशी करून बघा.

आधी खरेदी कशी झाली ते सांगते. मी नोकरी सांभाळून एका मराठी रॉक बँडमध्ये गाते. आमची गाणी वरच्या पट्टीतली आहेत आणि शेवटच्या कडव्यात मी चक्क ओरडते. प्रॅक्टिस भाड्याच्या जॅमरूममध्ये होते. तिथला तासाचा दर परवडत नाही म्हणून गाण्याचे ट्रॅक आम्ही आपापल्या घरी रेकॉर्ड करतो. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी रस्त्याकडे, खाली रिक्षा स्टँड, खोलीत फरशी आणि उघड्या भिंती. गणपतीच्या आधी नदीपात्रातल्या ढोल पथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळी तोही ऐकू येतो.

हे सगळं मी तुमच्या चॅटवरच्या सल्लागाराला लिहून दिलं होतं. बजेट पाच हजारांच्या आत आहे आणि गिटारिस्टचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचं यंत्र) लागेल तेव्हा आणता येतो, हेही सांगितलं होतं. मग सरळ विचारलं, डायनॅमिक (बाहेरून वीज न लागणारा, दणकट) माइक घेऊ की कंडेन्सर (वीज लागणारा, बारीक आवाजही टिपणारा)? उत्तर आलं: ‘मॅम, डायनॅमिक स्टेजसाठी असतो. रेकॉर्डिंगला कंडेन्सरच लागतो. हा किट थेट लॅपटॉपला लावा, इंटरफेसची गरजच नाही. रॉकसाठी आमचा बेस्टसेलर आहे.’ चॅटची प्रत सोबत जोडली आहे.

या उत्तरातलं एकही वाक्य बरोबर नाही. शुअर कंपनीचा एसएम७ हा माइक १९७३ साली आला आणि त्याचा एसएम७बी २००१ साली. दोन्ही डायनॅमिक आणि दोन्ही स्टेजवर हातात धरायचे नाहीत, स्टुडिओत स्टँडला लावायचे. ते माझ्या बजेटच्या फार बाहेरचे आहेत आणि त्यांना गेनही (सिग्नल वाढवणंही) भरपूर लागतो, त्यामुळे मी ते मागत नव्हतेच. पण ‘रेकॉर्डिंगला कंडेन्सरच लागतो’ हे वाक्य माइक विकणाऱ्या कंपनीच्या सल्लागाराने लिहावं, हे कठीण आहे.

आता किटविषयी.

जाहिरातीत ‘लार्ज डायफ्रॅम’ असं ठळक लिहिलं आहे. लार्ज डायफ्रॅम म्हणजे साधारण एक इंच व्यासाचा पडदा, असं या क्षेत्रात सगळेच धरून चालतात. मोबाइलचा टॉर्च माइकच्या जाळीवर धरला की आतलं स्पष्ट दिसतं. एवढ्या मोठ्या सोनेरी जाळीच्या मधोमध काळ्या प्लास्टिकच्या कड्यात शर्टाच्या बटणाएवढी चकती बसवली आहे. बाकी सगळी जागा रिकामी. बाहेरचं धूड मोठं आहे, पडदा नाही. मी माइक खोललेला नाही, एक स्क्रूही फिरवलेला नाही. ‘ग्राहकाने उघडल्यामुळे वॉरंटी रद्द’ हे उत्तर पुढे येईल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

‘१९२ किलोहर्ट्झ, २४ बिट’ असंही छापलं आहे. हा माइक यूएसबी नाही. त्यातून साधा अ‍ॅनालॉग सिग्नल बाहेर येतो. सॅम्पलिंग रेट (सेकंदाला आवाजाची मापं किती वेळा घेतली) आणि बिट (प्रत्येक माप किती बारीक) हे आकडे त्या सिग्नलचं डिजिटल रूपांतर करणाऱ्या यंत्राचे असतात, म्हणजे इथे माझ्या लॅपटॉपच्या साउंड कार्डचे. माझ्या लॅपटॉपचे गुण तुम्ही तुमच्या माइकच्या खोक्यावर छापले आहेत. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ या दाव्याचंही तसंच. त्या पट्ट्यात किती डेसिबलचा चढउतार होतो ते न सांगता दिलेला आकडा काहीच सांगत नाही. शुअरने एसएम५८ या आपल्या डायनॅमिक माइकसाठी ५० ते १५,००० हर्ट्झ एवढंच लिहिलं आहे, पण सोबत आलेखही दिला आहे.

‘फँटम पॉवरची गरज नाही’ हा दावा सगळ्यात त्रासदायक ठरला. कंडेन्सरला वीज लागते आणि त्याची प्रचलित पद्धत म्हणजे फँटम पॉवर: इंटरफेसमधून एक्सएलआर (तीन पिनांच्या) केबलवाटे येणारे ४८ व्होल्ट. तुमच्या किटमधल्या केबलच्या एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला लॅपटॉपसाठी साडेतीन मिलिमीटरची पिन आहे. त्या पिनमधून लॅपटॉप जेमतेम दोन-चार व्होल्ट देतो. परिणाम असा की हळू आवाजात गायलं तर मागे सतत ‘स्स्स’ असा फुसफुसाट येतो आणि वरच्या पट्टीत गेलं की आवाज फाटतो. सॉफ्टवेअरचा मीटर तेव्हा लाल रंगाच्या जवळपासही नसतो. रेकॉर्डिंगची लाट मोठी करून पाहिली तर तिचे माथे सपाट कापलेले दिसतात. लॅपटॉपवरून इनपुट कमी केलं तर लाट लहान होते, माथे तरी सपाटच. म्हणजे आवाज लॅपटॉपच्या त्या नियंत्रणापर्यंत पोचायच्या आतच कापला गेलेला असतो. हा ‘रॉक व्होकल’साठी खास बनवलेला माइक!

तुमच्या तांत्रिक विभागाने यावर ‘अंतर ठेवून गा’ असा सल्ला दिला. नेमकी इथेच गोम आहे. माइकपासून लांब उभं राहिलं की गाण्याबरोबर खोलीही रेकॉर्ड होते. ओठ माइकपासून वीतभर लांब असतील आणि तिथून तीन बोटांवर आले, तर अंतर साधारण पाव होतं आणि थेट आवाज १२ डेसिबलच्या आसपास वाढतो. भिंतींवरून परतणारा आवाज आणि रस्त्यावरची रिक्षा मात्र होती तेवढीच राहते. ज्याची खोली साधी आणि रस्ता खिडकीशी, त्याच्यासाठी जवळून गाता येईल असा माइक हाच स्वस्तातला उपाय आहे. एसएम५८सारखे हातात धरायचे डायनॅमिक माइक त्यासाठीच बनवलेले असतात. जाळीच्या आत फोम असतो, ओठ जवळजवळ टेकवून गायलं तरी चालतं, आवाजाला थोडा खर्ज मिळतो आणि ओरडण्याने बिघडत नाहीत. महागडा कंडेन्सर आणि नीट बांधलेली खोली असेल तर गोष्ट वेगळी. माझ्याकडे दोन्ही नाही, हे तुम्हाला चॅटवर माहीत होतं.

फँटम पॉवरबद्दलची शंका फेडून घ्यावी म्हणून मी गिटारिस्टकडून इंटरफेस आणला. तुमची केबल त्याला लावून ४८ व्होल्ट मिळत नाहीत, तेव्हा एक्सएलआर केबल वेगळी विकत घेतली. फुसफुसाट बराच कमी झाला, फाटणंही कमी झालं. म्हणजे या माइकला फँटम पॉवर हवीच होती, हे तुमच्याच वस्तूने सिद्ध केलं.

तरीही जाहिरातीतल्या ‘कार्डिऑइड’ या दाव्याचा प्रश्न राहिला. कार्डिऑइड माइकला समोरचं जास्त आणि मागचं सगळ्यात कमी ऐकू यायला हवं. बरा कार्डिऑइड असेल तर मागून आलेला आवाज १५-२० डेसिबलने तरी खाली जातो. मी माइकच्या समोर उभं राहून त्याच आवाजात, त्याच अंतरावरून एक ते दहा आकडे म्हटले आणि मग मागे जाऊन तेच म्हटले. ती फाइल सोबत पाठवत आहे. समोरचं कोणतं आणि मागचं कोणतं, ते तुमच्या तांत्रिक विभागाने न बघता ओळखून दाखवावं. माइकची पाठ खिडकीकडे केली तरी खालच्या रिक्षावाल्यांच्या गप्पा शब्दन् शब्द येतात. कोथरूडच्या भाड्यावरून झालेला एक वाद माझ्या गाण्याच्या मधल्या म्युझिकमध्ये कायमचा बसला आहे.

त्यानंतर त्याच खोलीत, त्याच खिडकीशी, तोच पंखा चालू ठेवून बँडमधल्या मित्राचा एसएम५८ लावून तेच गाणं गायले. हा १९६६पासून बाजारात असलेला माइक आहे, त्यात गुपित काही नाही. इंटरफेसचा गेन बराच चढवावा लागला. रस्त्यावरचे हॉर्न अगदीच गायब झाले असं नाही, पण ते गाण्याच्या मागे गेले आणि शेवटच्या कडव्यातलं ओरडणं सरळ ओरडण्यासारखंच आलं. तुमच्या माइकवर कानात टोचणारे ‘स’ आणि ‘च’ इथे टोचले नाहीत. दोन्ही फाइल आवाजाची पातळी सारखी करून पाठवल्या आहेत, ‘मोठ्याने वाजतंय म्हणून बरं वाटतंय’ असं म्हणायला जागा नको.

मला एसएम५८च हवा होता असंही नाही. बेहरिंगरचा एक्सएम८५०० हा डायनॅमिक, कार्डिऑइड माइक तुमच्याच वेबसाइटवर या किटपेक्षा कमी किमतीला होता. माझ्या प्रश्नाचं खरं उत्तर तुमच्याच गोदामात पडलं होतं आणि सल्लागाराने मला त्यापासून लांब नेलं. मला राग आहे तो याचा.

तुमच्या शेवटच्या ईमेलमध्ये मला अकॉस्टिक फोमच्या बारा तुकड्यांची लिंक पाठवली आहे, सवलतीच्या दरात. पातळ फोमने खोलीतला घुमणारा वरचा आवाज थोडा कमी होतो. रस्त्यावरचा आवाज आत यायचा थांबत नाही आणि माइकची पाठ तर त्याने बहिरी होत नाहीच. घुमण्यासाठी मी कपडे वाळत घालायच्या दोरीवर पाठीमागे दोन गोधड्या टाकते, त्याने काम भागतं. तक्रारीच्या उत्तरात आणखी एक वस्तू विकायची पद्धत मात्र बंद करा, ही विनंती.

‘सील तोडलं आहे’ हे दुसरं कारण दिलंत. सील न तोडता माइकवर कसं गायचं असतं? खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता नाही, कमाल किरकोळ किंमत नाही, फक्त बारकोडचा स्टिकर आहे. वैधमापन शास्त्राच्या २०११च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार ही माहिती पाकिटावर असावीच लागते. त्याचे फोटोही जोडले आहेत.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आणि त्याखालचे २०२०चे ई-कॉमर्स नियम तुम्हाला लागू आहेत. जाहिरातीत सांगितलेले गुणधर्म वस्तूत नसतील तर ती परत घेण्यास नकार देता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं, असंही त्यात आहे. याआधीच्या माझ्या तक्रारीला पोच म्हणून आलं ते ‘आमच्या सेवेला किती स्टार द्याल?’ एवढंच. तुमचं कार्यालय दुसऱ्या राज्यात असलं तरी मी राहते त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, म्हणजे पुण्यातच, मला दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली याच शहरात सुरू केली. तेव्हा अर्ज कसा लिहायचा हे सांगणारी माणसं इथे कमी नाहीत. त्याआधी १९१५ या क्रमांकाच्या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करेन.

माझ्या मागण्या सांगते. किटचे ३,२९९ रुपये पूर्ण परत करावेत आणि परतीचा कुरिअर खर्च तुम्ही करावा. वेगळ्या घेतलेल्या एक्सएलआर केबलचे पैसे मी मागत नाही, ती पुढच्या माइकला कामी येईल. त्या किटच्या पानावरून ‘लार्ज डायफ्रॅम’, ‘१९२ किलोहर्ट्झ’ आणि ‘फँटम पॉवरची गरज नाही’ हे तीन दावे काढून टाकावेत. माझे पैसे परत करून पान तसंच ठेवलंत, तर तक्रार मिटली असं मी धरणार नाही. माझ्यासारखंच घरी गाणारं कोणी तरी आज रात्री ते पान उघडून बसलेलं असेल. आणि चॅटवरच्या सल्लागाराला डायनॅमिक माइक एकदा हातात द्या. त्याला नोकरीवरून काढा असं मी म्हणत नाही, त्याच्या हातात बहुधा बेस्टसेलरची यादीच दिलेली असणार.

पोच मात्र लेखी हवी. फोन करून ‘मॅम, तुम्हाला व्हाउचर देऊ का’ असं विचारू नये. व्हाउचर नको आहे.

माइक, स्टँड, फोमची टोपी आणि मूळ केबल खोक्यात घालून तयार ठेवली आहे. पिकअपसाठी येणाऱ्याने सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर यावं, मधल्या वेळात घरी कोणी नसतं. इमारतीला लिफ्ट नाही.

आपली ग्राहक
(नाव, पत्ता व फोन ऑर्डरच्या नोंदीत आहेत)

सोबत: बिल, चॅटची प्रत, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, खोक्याचे व जाळीचे फोटो, ध्वनिमुद्रणाच्या फाइल